डावीकडचं बर्फ

रेनडिअर कुठून आलं, हे तेल्लेर्वो कुम्पुलाला
अजून सांगता येत नाही.
सत्तावीस वर्षं टपालाची गाडी, इनारीच्या पुढचा रस्ता,
आणि मार्चच्या लख्ख दुपारी
डावीकडून एकदम एक जनावर बंपरवर.
"आधी तिथं काहीच नव्हतं," ती म्हणते.
"नुसतं बर्फ होतं."

रोव्हानिएमीच्या नेत्रविभागात मी परिचारिका आहे.
हे 'काहीच नव्हतं' आठवड्यातून दोनदा ऐकते.

आधी एक थेंब, डोळा बधिर करणारा.
मग पिवळा रंग, निळा उजेड,
एवढासा शंकू बुबुळाला टेकतो
आणि टेकला म्हणेपर्यंत सुटतो.
श्वास कोंडू नका, तेल्लेर्वो,
कोंडला की आकडा उगाच चढतो.
उजवा चोवीस.
डावा एकतीस.

"मोतीबिंदू ना?" तिनं विचारलं, आशेनं.
हो, आशेनं. आईचा काढला होता अर्ध्या तासात,
दुसऱ्या दिवशी म्हातारीला पडद्यांवरचे डाग दिसले
आणि ती महिनाभर धूत सुटली.
थोडा आहे, मी म्हटलं, पण गुन्हेगार तो नव्हे.
हा काचबिंदू.
मोती काढता येतो.
आणि यातली काच खिडकीची समजू नका,
हा दोरीचा काच, न दुखता आवळणारा.
डोळ्याच्या आत पाणी झिरपत असतं (अश्रू नव्हेत, ते वेगळे),
बारीक जाळीतून निघून जातं.
जाळी तुंबली की दाब वाढतो,
आणि सोसते मागची नस.
ती कुरकुरत नाही.
दात असता तर तुम्ही पहिल्याच रात्री आला असता.

मग ती पांढरी वाटी, हात धुवायच्या भांड्याएवढी.
हनुवटी इथं. एक डोळा झाकलेला.
मधल्या ठिपक्याकडेच बघायचं,
कडेला कुठंही दिवा लुकलुकला की बटण.
ती लबाडी करते. नजर दिव्यामागं पळते,
घरांचे नंबर शोधणारी सवयीची नजर.
यंत्र पकडतं. पुन्हा पहिल्यापासून.

या वेळी ती हलली नाही.
डावीकडे दिवे लागत होते.
मला माझ्या पडद्यावर दिसत होते, एक, एक, एक.
तिचा अंगठा बटणावर तयार होता,
शहाण्या मुलीसारखा.
खोलीत काही वाजलं नाही.

कागदावर काळा डाग आला.
"मला काळं कधीच दिसलं नाही," ती जवळजवळ भांडली.
नाहीच दिसत.
मेंदूला भोक खपत नाही,
शेजारचं कापड ओढून तो ठिगळ लावतो.
तुमच्या शेजारी बर्फ होतं.
त्यानं बर्फ लावलं.

गेलेलं परत येतं का?
नाही. इथं मी 'बहुतेक' म्हणत नाही.
उरलेलं राखायचं, रोज रात्री, एक थेंब.
पापणी खाली ओढा, वर छताकडे बघा,
मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबा.
न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये.
("लोण्याशेजारी," ती म्हणाली. चालेल.)
पहिला थेंब गालावर, दुसरा कॉलरवर,
तिसऱ्याला तिनं शिवी दिली, तो बरोबर पडला.
भागलं नाही तर लेसर आहे, त्यापुढं शस्त्रक्रिया,
पण ते डॉक्टर मिएलोनेन बोलतील.
गाडीचंही तेच बोलले.
किल्ली कुणी मागितली नव्हती.
तिनं जुडग्यातून सोडवून टेबलावर ठेवली.

सख्खं कुणी आहे? रक्तातून उतरतो हा.
"भाऊ. आर्मास. नॉर्वेच्या बाजूला.
नऊ वर्षं बोलणं नाही."
त्याचाही दाब मोजायला हवा.
बराच वेळ ती पिवळ्या बोटांकडे बघत बसली.
"पाकीट आहे का तुमच्याकडे?"

दवाखान्याचं दिलं.
पेन तिच्या डावीकडे पडलं होतं.
मी उचलून देणार होते, हात मागं घेतला.
तिनं मान वळवली,
पूर्ण, खांद्यापर्यंत,
आणि पेन घेतलं.